हर्क्युलिसचे पाय नक्की कोणाचे?

मागच्या अंकात आपण फार्नेसे हर्क्युलिसचा फोटो छापला होता आणि खाली दोनच ओळी होत्या, की हा रोमन काळातला संगमरवरी पुतळा आज नेपल्सच्या पुरातत्त्व म्युझियममध्ये आहे आणि मधली दोनशेहून जास्त वर्षं तो दुसऱ्याच शिल्पकाराने केलेल्या पायांवर उभा होता. त्या ओळींवर एवढी पत्रं आणि मेल आल्यात, आणि प्रश्न इतके चांगले आहेत, की या वेळचा सगळा कॉलम मी त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, त्यामुळे तुमचं उत्तर कदाचित दुसऱ्याच्या प्रश्नाखाली सापडेल.

परळहून एक वाचक विचारतात: आमच्या व्यायामशाळेच्या भिंतीवर फार जुनं चित्र आहे, सोट्याला टेकून उभा असलेला पैलवान, एक हात पाठीमागे. तुमचा फोटो बघितला आणि तोच निघाला. पण एवढा ताकदवान माणूस असा मान खाली घालून का उभा आहे? आणि पाय दुसऱ्याचे म्हणजे काय ते नीट सांगा ना.

चित्र त्याचंच. आणि ते व्यायामशाळेत असणं अगदी बरोबर आहे, कारण ज्याच्या नावाने आपण सँडो बनियन म्हणतो तो युजीन सँडो याच पोझमध्ये उभा राहून फोटो काढून घ्यायचा, १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला होता, मुंबईतही आला होता, आणि ही पोझ बॉडीबिल्डिंगवाल्यांमध्ये जगभर पसरली त्यात त्याचा मोठा वाटा आहे.

मान खाली आहे कारण तो दमलाय. हर्क्युलिसला बारा अचाट कामं करायची शिक्षा होती, सिंह मारायचा, नऊ डोक्यांचा साप मारायचा, तबेले धुवायचे, आणि शेवटी शेवटी जगाच्या पश्चिम टोकाच्या बागेतली सोन्याची सफरचंदं आणायची. ती सफरचंदं त्याच्या पाठीमागच्या हातात आहेत! समोरून दिसत नाहीत. समोरून दिसतो फक्त एक प्रचंड माणूस, काखेत सोटा, सोट्यावर सिंहाचं कातडं, नजर जमिनीकडे. तुम्ही वळसा घालून मागे गेलात की मग कळतं की काम झालंय, हा जिंकलाय, आणि तरी दमलाय. मला या पुतळ्यातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं, ताकद दाखवायला त्याला कोणाला मारताना दाखवलं नाही, मारून झाल्यावरचा माणूस दाखवलाय.

ही कल्पना मुळात लिसिपस नावाच्या ग्रीक शिल्पकाराची, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातली, आणि त्याचा पुतळा ब्राँझचा होता. तो केव्हाच गेला. आपल्यासमोर आहे ती त्यावरून खूप नंतर, तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला केलेली संगमरवरी मूर्ती, जवळजवळ ३.१७ मीटर उंच, म्हणजे दहा फुटांच्या वर. ती घडवणाऱ्याने सोट्याखालच्या दगडावर आपलं नाव कोरून ठेवलंय, ग्लिकॉन, अथेन्सचा. रोममध्ये सम्राट काराकल्लाची भलीमोठी सार्वजनिक स्नानगृहं २१६ मध्ये सुरू झाली, त्यांच्यासाठीच हा उभा केला होता. सोट्याचा आधार एवढा जाड का असाही प्रश्न एकाने विचारलाय तर त्याचं उत्तर असं की ब्राँझ आतून पोकळ असतं आणि स्वतःला सावरू शकतं, संगमरवर भरीव आणि जड, ओढ पडली की घोट्यातून मोडतो, म्हणून ब्राँझवरून संगमरवर करताना रोमन काळात झाडाचं खोड, खडक, सोटा असं काहीतरी जोडीला द्यावंच लागायचं.

आता पाय. १५४० च्या दशकात पोप तिसरा पॉल, म्हणजे फार्नेसे घराण्यातला माणूस, आपल्या नव्या वाड्यासाठी या स्नानगृहांच्या पडक्या जागेत खोदकाम करून घेत होता आणि १५४६ च्या सुमाराला तिथे हा सापडला, पण पायांशिवाय. पोपच्या मर्जीतला शिल्पकार होता गुल्येल्मो देल्ला पोर्ता, त्याने नवे पाय घडवले, बसवले, आणि हर्क्युलिस फार्नेसेंच्या वाड्याच्या चौकात उभा राहिला. पुढे काही काळाने खरे पाय पण सापडले. आणि इथे ती प्रसिद्ध गोष्ट येते की मायकेलँजेलोने सांगितलं, जुने पाय बसवू नका, पोर्ताचेच राहू द्या, म्हणजे लोकांना कळेल की आजचे शिल्पकार जुन्यांच्या तोडीचं काम करू शकतात. हे सतराव्या शतकातल्या एका चरित्रकाराने लिहून ठेवलंय, म्हणजे मायकेलँजेलो गेल्यानंतर कित्येक वर्षांनी, तेवढं लक्षात ठेवून ते घ्यावं. पाय बदलले नाहीत हे मात्र पक्कं. खरे पाय बोर्गेसे घराण्याकडे राहिले आणि फार्नेसेंचा संग्रह वारशाने नेपल्सच्या राजाकडे गेला तेव्हा कुठे, १७८७ मध्ये, ते राजाला दिले गेले आणि धडाला परत जोडले.

म्हणजे बघा, १५९२ च्या आसपास हेन्ड्रिक गोल्ट्सियस या डच चित्रकाराने या पुतळ्याचं पाठीमागून काढलेलं चित्र, ज्यात खाली दोन माणसं मान वर करून बघतायत, ते एनग्रेव्हिंग जगभर गाजलं, (एनग्रेव्हिंग म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र), त्यातल्या पोटऱ्या ग्लिकॉनच्या नाहीतच, पोर्ताच्या आहेत. रुबेन्स या चित्रकाराने रोमला जाऊन अभ्यास केला तो त्याच पायांवरून. युरोपातली चित्रकारांची कितीतरी पिढ्यांची मुलं ‘प्राचीन लोक पाय असे करायचे’ म्हणून जे गिरवत होती ते प्राचीन नव्हतंच, सोळाव्या शतकातल्या माणसाचं काम होतं. गटे, म्हणजे जर्मन कवी, नेमका १७८७ च्या जानेवारीत रोममध्ये होता, त्याने खरे पाय लागलेला पुतळा बघितला आणि लिहिलं की पोर्ताचे पाय इतकी वर्षं चांगले कसे काय वाटले लोकांना हेच कळत नाही. डाव्या हाताचा पंजा आजही नंतरचाच आहे, तो मूळचा कधी मिळालाच नाही.

विलेपार्ल्याहून एक निवृत्त शिक्षिका लिहितात: मला हे पटतच नाही. खरा अवयव हातात असताना नकली कोण ठेवतं? आणि मायकेलँजेलोसारखा माणूस असं सांगेल? मग रिस्टोरेशन या सगळ्या प्रकारावर विश्वास कसा ठेवायचा?

बाई, तुमचा राग मला समजतो. पण ‘नकली’ हा शब्द त्या वेळच्या माणसाच्या डोक्यातच नव्हता. पोपला घरासाठी हर्क्युलिस हवा होता, उभा, अख्खा, पाहुण्यांना दाखवता येईल असा. अर्धा पुतळा चौकात ठेवणं म्हणजे काम अर्धवट टाकल्यासारखं. तुटलेल्याला पुरं करणं हे शिल्पकाराचं रोजचं काम होतं, त्यात फसवणूक नव्हती, काम करून घेणाऱ्यांना माहीत असायचं कोणी काय लावलंय ते. आणि गंमत म्हणजे त्याच रोममध्ये बेल्वेडेरे टोर्सो नावाचं एक धड होतं, हात नाहीत, डोकं नाही, गुडघ्याखाली काही नाही, आणि मायकेलँजेलोचं त्याच्यावर इतकं प्रेम होतं की लोक त्याला मायकेलँजेलोचं टोर्सो म्हणायचे. त्याला कोणी कधी हातपाय लावले नाहीत, आजही व्हॅटिकनमध्ये ते तसंच आहे. तर ‘त्या काळी सगळंच जोडायचे’ असंही नाही, आणि मला तरी वाटतं की ते टोर्सो आज बघताना आपल्याला जे जाणवतं ते त्याला कोणी पुरं केलं असतं तर उरलंच नसतं.

विश्वासाचं म्हणाल तर लाओकूनची गोष्ट सांगते, ती हर्क्युलिसपेक्षाही जास्त शिकवणारी आहे. लाओकून हा ट्रॉय शहराचा पुजारी, त्याने लोकांना बजावलं की तो लाकडी घोडा आत घेऊ नका, आणि मग समुद्रातून दोन साप आले आणि त्याला आणि त्याच्या दोन मुलांना विळखा घालून मारलं. १४ जानेवारी १५०६ ला रोममधल्या एका द्राक्षमळ्यात हे शिल्प निघालं, पोपने लगेच माणूस पाठवला आणि त्याच्याबरोबर मायकेलँजेलोही बघायला गेला. प्लिनी या रोमन लेखकाने या शिल्पाचं वर्णन केलेलं होतं, रोड्सच्या तीन शिल्पकारांची नावंसुद्धा दिली होती, म्हणून बघताक्षणी ओळख पटली. पण बापाचा उजवा हात नव्हता. १५३० च्या दशकात मोन्तोर्सोली या शिल्पकाराने हात लावला तो सरळ वर, आभाळाकडे ताणलेला, आणि त्यानंतर जवळजवळ चारशे वर्षं सगळ्या जगाने लाओकून तसाच बघितला, झुंजणारा, हार न मानणारा, वीर.

मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुडविग पोलाक नावाच्या, प्रागहून रोमला येऊन राहिलेल्या पुराणवस्तूंच्या जाणकाराला एका दगडकाम करणाऱ्याच्या आवारात संगमरवराचा एक हात दिसला, कोपरात मुडपलेला, मागे डोक्याकडे गेलेला, दंडावर सापाचा विळखा. त्याला वाटलं हा लाओकूनचा आहे आणि त्याने तो व्हॅटिकनला देऊन टाकला. पण तो लगेच बसवला गेला नाही, हा दुसऱ्या कुठल्यातरी तशाच शिल्पाचा असेल असं धरून पन्नासएक वर्षं तो बाजूला राहिला. १९५७ ते १९६० मध्ये फिलिप्पो माजी यांनी सगळं शिल्प सोडवलं, नंतरचे जोड काढले, हात लावून बघितला आणि तो बसला. पोलाक ज्यू होते. १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये रोममधून त्यांना कुटुंबासकट नाझींनी पकडून ऑशविट्झला नेलं, ते परत आले नाहीत. त्यांना दिसलेलं खरं होतं हे सिद्ध व्हायला त्यानंतर चौदा-पंधरा वर्षं जावी लागली, आणि हे मला प्रत्येक वेळी सांगताना त्रास होतो.

आता दोन्हींतला फरक बघा. हर्क्युलिसचे पाय बदलले तरी हर्क्युलिस तोच राहिला, दमलेला, कारण थकवा पाठीत आणि मानेत आहे. पण लाओकूनचा हात बदलला आणि माणूसच बदलला. वर ताणलेल्या हाताचा लाओकून लढतोय, मुडपलेल्या हाताचा लाओकून हरत चाललाय, ते दुखणं सगळं आत वळतं. तर माझं उत्तर एवढंच की जोडलेल्या भागावर रागावू नका, पण तो कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारावर जोडला हे माहीत असल्याशिवाय त्या शिल्पाबद्दल मत पण बनवू नका. ज्या म्युझियममध्ये पाटीवर हे लिहिलेलं नसतं तिथे मला फसवल्यासारखं वाटतं, पाटीवर दोन ओळी वाढवायला काय जातं?

आर्ट स्कूलचा एक विद्यार्थी (पत्ता: सीएसएमटीजवळ, बाकी नाव देऊ नका म्हणालाय): आम्ही प्लास्टरच्या कास्टवरून ड्रॉइंग करतो, अपोलो, व्हीनस वगैरे. मूळ पुतळ्यात जोडलेला भाग कुठला हे डोळ्यांनी ओळखता येतं का?

कास्टवरून, म्हणजे पुतळ्याचा साचा घेऊन काढलेल्या प्लास्टरच्या प्रतीवरून, नाही येत, हे आधी सांगते, कारण कास्टमध्ये सगळं एकाच रंगाचं पांढरं होऊन जातं, जुनं, नवं, भरलेली भेग, सगळं एक. प्रत्यक्ष संगमरवरात मात्र बऱ्यापैकी येतं. पहिल्यांदा नाक बघायचं, मग बोटं, मग कोपर-मनगट, मग गुडघे-घोटे, म्हणजे जे जे पुढे आलेलं आणि बारीक आहे ते तुटलेलं असणार आणि बदललेलं असण्याची शक्यता जास्त. मग रेषा शोधायची. जुन्या काळात बरेच जण तुटलेली कड कापून सपाट करायचे आणि नवा तुकडा चिकटवायचे, म्हणजे जोडाची रेषा अगदी सरळ, दगड कधी इतका सरळ मोडत नाही. अठराव्या शतकात रोममध्ये बार्तोलोमेओ कावाचेप्पी नावाचा या धंद्यातला सगळ्यात मोठा माणूस होता, इंग्लंडहून येणारे बडे लोक त्याच्या वर्कशॉपमधून पुतळे घेऊन जायचे, त्याचं म्हणणं होतं की जुन्या भागाला छिन्नी लावू नका, नवा तुकडा त्या वेड्यावाकड्या कडेला बसेल असा घडवा. त्याच्या हातचे जोड म्हणूनच शोधायला कठीण.

दगडाचा पोत पण बघ. पॅरोसचा संगमरवर दाणेदार असतो, कॅराराचा बारीक, पेंटेलीचा जुना झाला की सोनेरी झाक येते. लॅबमध्ये अल्ट्राव्हायोलेट दिवा टाकला की जुना पृष्ठभाग पिवळसर-पांढरा दिसतो आणि ताजा कापलेला जांभळट, तिथे लपवालपवी चालतच नाही. आणि पुतळा फार गुळगुळीत, चकचकीत असेल तर शंका घे, कारण नवं-जुनं सारखं दिसावं म्हणून जुन्याला पण अॅसिड लावून, घासून नवं करून टाकायची वाईट सवय होती, त्यात मूळ छिन्नीच्या खुणा गेल्या, आणि हो, रंगाचे कण पण गेले, कारण हे सगळे पुतळे मुळात रंगवलेले असायचे.

सगळ्यात धक्कादायक उदाहरण म्हणजे रोमच्या कॅपिटोलाइन म्युझियममधला ‘जखमी योद्धा’. मोन्नो या फ्रेंच शिल्पकाराला एक धड मिळालं, पिळवटलेलं, एका बाजूला झुकलेलं, त्याला वाटलं हा पडतोय, त्याने हात, पाय, डोकं, तलवार सगळं देऊन पडणारा योद्धा तयार केला. ते धड मुळात डिस्कस थ्रोअरचं होतं! थाळी फेकायला वळलेला माणूस शतकानुशतकं मरत पडलेला म्हणून उभा आहे.

त्याच विद्यार्थ्याचा दुसरा प्रश्न: मग हे सगळं काढून मूळ तेवढंच का नाही ठेवत?

काढलं की. विसाव्या शतकात ती लाटच आली होती. म्युनिकला ग्रीसमधल्या एजिना बेटावरच्या देवळाची शिल्पं आहेत, त्यांना १८१६ पासून दोनेक वर्षांत थोरवाल्डसन या डॅनिश शिल्पकाराने हातपाय, डोकी लावली होती, १९६० च्या दशकात ती सगळी उतरवली. आणि आपल्या हर्क्युलिसचा एक तरुण भाऊ आहे, लॅन्सडाउन हेराक्लीस (हे हर्क्युलिसचंच ग्रीक नाव), १७९० मध्ये तिव्होलीजवळ रोमन सम्राट हेड्रियनच्या वाड्याच्या परिसरात सापडलेला, आता कॅलिफोर्नियातल्या गेटी म्युझियमकडे आहे. त्याचे अठराव्या शतकातले जोड १९७० च्या दशकात काढले, त्याला तसं सबळ कारण पण होतं, आतले लोखंडी खिळे गंजत होते आणि गंजलं की लोखंड फुगतं, फुगलं की संगमरवर आतून तडकतो. मुंबईत राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको, आपल्या बिल्डिंगच्या स्लॅबमधली सळई फुगून प्लास्टर पडतं ते हेच. पण काढल्यावर तो पुतळा इतका केविलवाणा दिसायला लागला, आणि लोकांच्या लक्षात आलं की त्या जोडांनाही आता दोनशे वर्षं झालीत, ते पण कोणाचं तरी चांगलं काम आहे, की १९९० च्या दशकात ते जोड परत लावले, या वेळी न गंजणाऱ्या धातूवर आणि हवे तेव्हा काढता येतील असे.

मला हे शेवटचं पटतं. १९६४ च्या व्हेनिस चार्टरमध्ये, म्हणजे जुन्या वास्तू कशा जपायच्या याच्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यात लिहिलंय तेच, नवा भाग एकूणात शोभला पाहिजे पण जवळून वेगळा ओळखू आला पाहिजे. आणि कधी कधी हातच लावू नये हे पण कळायला हवं. लॉर्ड एल्गिन या इंग्रज सरदाराने अथेन्सच्या पार्थेनॉन देवळाची शिल्पं नेली तेव्हा ती पुरी करून द्या म्हणून तो कानोवाकडे गेला होता, त्या काळातला युरोपातला सगळ्यात मोठा शिल्पकार, भरपूर पैसे मिळाले असते, आणि कानोवाने नाही म्हटलं, या दगडांना हात लावणं पाप होईल म्हणाला. जे चुकीचं नेलं त्यावर वेगळं बोलता येईल पण कानोवाच्या त्या नकाराबद्दल मला फार आदर आहे.

माहीमहून एक वाचक: आपल्याकडे खंडित मूर्ती घरात ठेवत नाहीत, विसर्जन करतात. म्युझियममध्ये मात्र नाक तुटलेले, हात नसलेले देव मांडलेले असतात. आणि घारापुरीला शंकराच्या मूर्तींचे हातपाय गेलेत तर पुरातत्त्व खातं ते नीट का करत नाही? रोमवाल्यांनी केलं ना?

यात तीन प्रश्न आहेत खरं तर. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियम, बर्लिन आणि गेटीकडून आलेली प्राचीन शिल्पं आपल्या शिल्पांच्या शेजारी मांडली होती, तेव्हा पण बघायला आलेले लोक हेच बोलत होते. पूजेतल्या मूर्तीला भक्त रोज डोळ्यात डोळे घालून बघतो, तिथे तुटलेलं तसंच ठेवणं त्याला सहन होत नाही आणि ते योग्यच आहे, म्हणून आपल्याकडे जीर्णोद्धार आहे, विसर्जन आहे, वज्रलेप आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर २०१५ मध्ये पुरातत्त्व खात्याने संवर्धनाचं काम केलं, पंढरपूरला विठोबाच्या मूर्तीवर लेप झाला, तिथे हेतू मूर्ती टिकावी, अभिषेकाची झीज थांबावी आणि भक्ताला आपला देव दिसावा हा होता, कुठला कण केव्हाचा हे दाखवणं हा नव्हता. पोपच्या चौकातला हर्क्युलिस १५४६ मध्ये कोणाचाच देव राहिला नव्हता. त्याला पुरं करताना कोणाची श्रद्धा मध्ये येत नव्हती, म्हणून पोर्ताला मोकळीक होती. म्युझियममधली मूर्ती तिसरीच, ती पूजेतून बाहेर आलीय आणि आता ती साक्ष आहे, साक्षीदाराच्या तोंडात आपण शब्द घालायचे नसतात.

आता घारापुरी. तिथे काहीच केलं नाही असं नाही, कोसळलेले खांब नव्याने उभे केलेत, आणि ते बरोबर केलंय, कारण वरचा डोंगर खांबांवर आहे आणि शेजारचे शाबूत खांब समोर असल्यामुळे तुटलेला खांब कसा होता याबद्दल अंदाज करावाच लागत नाही. पण अंधकासुरवधाच्या शिल्पात शंकराचे खालचे पाय गेलेत, कितीतरी हात गेलेत, तिथे काय करणार? हर्क्युलिसच्या या पोझच्या रोमन काळातल्या लहानमोठ्या कितीतरी प्रती आहेत, पाय कसे होते ते ताडून बघता येतं. घारापुरीच्या या मूर्तीची दुसरी प्रत कुठे आहे? ती जागच्या जागी बेसॉल्टच्या डोंगरातून कोरलेली, एकुलती एक. तिथे हात लावायचा म्हणजे आजच्या कोणीतरी मनाने लावायचा, आणि मोन्तोर्सोलीचं काय झालं ते वर सांगितलंच. त्या भयानक चेहऱ्यासमोर थोडा वेळ उभे राहा, सुळे, वटारलेले डोळे, वर ताणलेलं गजचर्म, जे उरलंय त्याचा जोर इतका आहे की गेलेले पाय डोळा आपोआप पुरे करतो. सिमेंटचे पाय लावले तर नजर सगळ्यात आधी तिथेच जाईल.

भायखळ्याहून: राणीच्या बागेतला दगडी हत्ती पण घारापुरीचाच ना? तो तर जोडलेला दिसतो.

हो, ज्याच्यामुळे पोर्तुगीज त्या बेटाला एलिफंटा म्हणायला लागले तोच. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला होता, उचलताना क्रेन तुटली, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. तुकडे राणीच्या बागेत आणून ठेवले आणि १९१४ मध्ये जोडून उभा केला, आज डॉ. भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाजूला आहे. जोड स्पष्ट दिसतात आणि मला ते आवडतं, त्याच्यावर काय गुदरलं ते अंगावरच आहे. मुलांना घेऊन जाल तर पेंग्विन बघायच्या आधी पाच मिनिटं तिथे थांबा आणि त्यांनाच रेषा शोधायला सांगा.

गिरगावातून एक काकू: आमच्याकडे सासऱ्यांनी आणलेली संगमरवराची लहान बाईची मूर्ती आहे, विलायती, हातात घडा. साफसफाईत हात मनगटातून तुटला. मुलाने फेव्हिक्विक लावलं, ते पिवळं पडलं आणि पुन्हा सुटलं. आता एम-सील लावू का? आणि मूर्ती काळी पडलीय, लिंबाने घासली तर चालेल?

काकू, लिंबू अजिबात नको! चिंच नको, व्हिनेगर नको, बाथरूमचं अॅसिड तर स्वप्नात पण नको. पितांबरी पितळेला छान, संगमरवराला नाही. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आंबट लागलं की तो फसफसतो आणि वरचा थर विरघळून जातो, पांढरा दिसतो म्हणून साफ झाला असं वाटतं पण खरं तर कातडी सोलली जाते आणि मग धूळ आणखी लवकर धरते. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा, फारच वाटलं तर साध्या स्वच्छ पाण्यात जेमतेम ओला केलेला कापूस, आधी पाठीमागे कोपऱ्यात करून बघायचं, आणि मग पंख्याखाली पूर्ण सुकू द्यायचं, विशेषतः पावसाळ्यात.

एम-सील आणि अॅराल्डाइट दोन्ही नको. पक्कं बसेल, पण परत काढता येत नाही, काढायला गेलात तर दगड घेऊन निघतं, आणि रंग पण बदलतो, तुमच्या फेव्हिक्विकचा बदलला तसाच. जाणकार लोक तुटलेल्या दोन्ही बाजूंना आधी पॅरालॉइड बी-७२ नावाच्या रेझिनचा पातळ थर देतात, ते अॅसिटोनने कधीही विरघळतं, म्हणजे पुढे कोणाला जोड सोडवावासा वाटला तर सोडवता येतो, आणि वजन पेलायचं असेल तर आत स्टेनलेस स्टीलची बारीक कांडी घालतात. सुटलेल्या जागी जुनं फेव्हिक्विक आहे ते ब्लेडने खरवडू नका, तुटलेली कड जितकी अभंग तितका जोड घट्ट बसतो, तिथे एक कण उडाला तरी फट राहते. हात मऊ कापडात वेगळा गुंडाळा, पडलेले बारीक तुकडे, अगदी चुरा सुद्धा, एका डबीत ठेवा, दोन्ही बाजूंचे उजेडात फोटो काढून ठेवा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात कॉन्झर्वेशन सेंटर आहे तिथे फोटो दाखवून विचारा, ते काय करायचं ते सांगतील. आणि मूर्तीच्या तळाला किंवा मागे कुठे नाव, अक्षरं, नंबर कोरलाय का ते बघून मला कळवा. हातात घडा घेतलेल्या बाईच्या मूर्ती एकोणिसाव्या शतकात इटलीत पुष्कळ व्हायच्या, तुमची त्यांतली निघाली तर पुढच्या अंकात तिच्याबद्दलच लिहू.